कोरे समास

१२ जून

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

काल एका दिवसात तीन गोष्टी हाती पडल्या. एक, तुझ्या नव्या प्रकाशकांनी पाठवलेला पुस्तकांचा खोका. टपालखर्च त्यांचा, पण पोस्टमनने तो दारातच टेकवला आणि आत न्यायला शेजारच्या सुताराला बोलवावं लागलं. त्याचा चहा माझ्या खर्चात. दोन, तुझा फोटो छापलेलं रविवारचं वर्तमानपत्र. शेजारणीने आपणहून आणून दिलं, म्हणजे फुकट, पण ती तासभर बसली. तीन, तुझं पोस्टकार्ड, तेही अर्धं कोरं. तिन्हीत महाग पडलं ते हेच. कार्डाची पूर्ण किंमत भरायची आणि अर्ध्यावर लिहायचं, हे आपल्या घरात कोणी शिकवलं नव्हतं.

फोटोत तुझी कॉलर एका बाजूने आत वळली आहे. एवढे लोक भोवती होते, एकालाही सांगावंसं वाटलं नाही का? आणि जरा हसला असतास तर काही बिघडलं नसतं. दात अजून स्वतःचे आहेत तुझे.

शेजारीण इतकी वर्षं तुला ‘तुमचा तो चंद्रावरचा भाऊ’ म्हणायची, आणि म्हणताना भिंतीकडे बघायची. आता म्हणते, मला पहिल्यापासून वाटत होतं. यश आलं की सगळ्यांना पहिल्यापासूनच वाटत असतं. तिने विचारलं, तुम्हाला त्याची पहिली गोष्ट वाचून काय वाटलं होतं? मी खरं सांगितलं. पहिल्यांदा वाचली तेव्हा समजली नाही, दुसऱ्यांदा वाचली तेव्हा समजली पण पटली नाही.

आता पोस्टमन नवीन आहे. जुना निवृत्त होताना त्याला बजावून गेला म्हणे, की या घरी कापडात शिवलेलं एक पुडकं येतं, ते जपून आण. बिचारा विचारत होता, त्यात असतं तरी काय. मी म्हटलं, माझा भाऊ दिवसभर छापखान्यात दुसऱ्यांची प्रुफं तपासायचा आणि घरी येऊन ग्रहताऱ्यांच्या गोष्टी लिहायचा. त्या कोणी छापेना. मग तो एकच प्रत टंकायचा आणि ते बाड टपालात सोडायचा. गावोगावची सात माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली. पहिल्याने वाचायचं, समासात आपल्या शाईने मत लिहायचं, पुढच्याला धाडायचं. घड्याळजींची शाई हिरवी, गणिताच्या बाईंची तांबडी, औषधवाल्यांची जांभळी पेन्सिल. असं भांडत भांडत ते बाड शेवटी माझ्याकडे यायचं. मी फाटलेली पानं चिकटवायची, नवं कापड शिवायची आणि लेखकाला परत पाठवायची. पोस्टमन म्हणाला, मग तुम्ही काय लिहायचा? मी म्हटलं, मी पत्ता लिहायची.

पण बाळ, वर्ष होत आलं, बाड आलेलं नाही. कापड शिवून तयार आहे, जुन्या अभ्र्याचं, दोन बाजू अजून धड आहेत. तू लिहीत नाहीस की पाठवत नाहीस?

माझं बरं चाललंय. लेकीचा फोन रविवारी शेजारणीकडे येतो. ती विचारते, ऐकू येतंय का, मी म्हणते, येतंय, मग मी विचारते, तुला येतंय का. तेवढ्यात तिची वेळ संपते. हे गेल्यापासून घरात आवाज म्हणशील तर नळाचा आणि माझ्या जपाचा. नळ दुरुस्त करून घेतला तेव्हा दोन दिवस चुकल्यासारखं झालं.

माझा लोभ आहे तसा आहे. तुझा वाढला असेल तर पत्राच्या लांबीवरून मला कळेलच.

तुझी,
ताई

२० जून

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

कार्ड कोरं राहिलं ते कंजूषपणाने नाही. लिहायला बसलो तर सांगण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, आणि न सांगण्यासारखं कार्डावर लिहीत नाहीत, पोस्टमन वाचतो.

सत्काराचं तू विचारलं नाहीस, पण सांगतो. सभागृह भरलं होतं. माझ्या गोष्टींवर जिने टीव्हीची मालिका केली ती मुलगी छान बोलली. नवव्या चंद्रावरचा माझा चौकीदार, तीस वर्षांत सात जणांनी वाचलेला, आता म्हणे पानाच्या ठेल्यावरसुद्धा लोकांना माहीत आहे. बंद झालेल्या वाटेवर येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांसाठी तो रोज दिवा लावतो, आणि जहाजं येणं बंद झालंय हे त्याला कोणी कळवलेलंच नाही, हे लोकांना फार आवडलंय. नंतर प्रश्न विचारायची वेळ झाली. मी तयारी करून गेलो होतो. सगळ्यांनी एकच विचारलं, की प्रेरणा कुठून मिळाली. चौकीदाराला दिव्याचं तेल कोण पुरवतं, हे एकानेही विचारलं नाही. आठवतंय तुला, घड्याळजींनी या एका तेलापायी चार पानांचे समास हिरवे केले होते? मला शेवटी त्या चंद्रावर एक तेलाची खाण खणावी लागली.

मग सह्या. लांबलचक रांग. मी आयुष्यभर प्रुफाच्या कोपऱ्यात एक अक्षर टाकून पान पुढे ढकलत आलो. पूर्ण नाव लिहिताना हात अडखळायचा. मान वर करायला सवड नव्हती. नाव काय लिहू, एवढं विचारायचं आणि लिहायचं.

बाड वाचणाऱ्या आपल्या मंडळातल्या सगळ्यांना प्रकाशकांकडून निमंत्रणं गेली होती. कोणी आलं नाही. आले असते तर ओळख दिली असती ना. सत्कारानंतर एकाचंही पत्र नाही. घड्याळजी पूर्वी महिन्यातून दोनदा लिहायचे, आता वर्षभरात एक कार्ड, त्यात ‘आपण’ असं संबोधलंय. सोळा वर्षं मला ‘अहो चंद्रवाले’ म्हणणारा माणूस.

खोली तीच आहे, छापखान्याच्या वरची. खाली यंत्र सुरू झालं की टेबलावरचा पेला अजून सरकतो. जिथे जेवतो तिथे मात्र मालकांनी मला वेगळं टेबल दिलंय, खिडकीपाशी. पूर्वी आम्ही चौघं एका टेबलावर दाटीवाटीने बसायचो आणि एका वर्तमानपत्राची चार पानं वाटून घ्यायचो. आता पूर्ण वर्तमानपत्र माझ्यासमोर घडी करून ठेवलेलं असतं. मानाचं टेबल एकट्याचं असतं, ताई, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. चौकीदाराची शेवटची गोष्ट लिहून झाली आहे. प्रकाशकांना ती हवी आहे, आणि मीही हवा आहे. मोठ्या शहरात सातव्या मजल्यावर त्यांनी माझ्यासाठी घर बघितलंय. दर वर्षी एक पुस्तक असा करार. त्यात एक कलम आहे, की छापण्याआधी लिखाण कोणालाही दाखवायचं नाही. म्हणजे बाड बंद.

मी त्यांना सांगितलं, सही नंतर, आधी बाड एकदा फिरून येऊ दे. काल घड्याळजींकडे रवाना केलं. समास भरून आले, तर मी सही करणार नाही, इथेच राहीन, आणि पुस्तक मंडळाचं वाचून झाल्यावर ज्याला छापायचं तो छापेल. कोरे आले तर समजेन की ते दिवस संपले. मग सही करीन आणि जाईन. सातवा मजला तरी काय वाईट आहे. तसंही मग कोणासाठी काही टंकणार नाही, ते मागतील तेवढं लिहून देईन.

लोभ करतेस म्हणून एवढं लांबलं. तो तसाच ठेव.

तुझा,
बाळ

१ जुलै

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं, म्हणजे समजलं, पण पटलं नाही. समास कोरे येतील हे तुझ्या डोक्यात आलंच कसं? ज्या गणिताच्या बाईंनी चौकीदाराच्या प्रेमप्रसंगाशेजारी तांबड्या शाईने ‘सिद्ध करा’ लिहिलं, त्यांचा हात आता थांबणार आहे? उगाच मनाला घोर लावून घेऊ नकोस. जेवत जा. खिडकीपाशी बसायचं नसेल तर आपलं ताट उचल आणि त्या तिघांच्या टेबलावर जाऊन बस. मालकाला काय, ताटाचे पैसे मिळाल्याशी कारण.

तुझी मालिका मी शेजारणीकडे पाहिली. बाळ, चौकीदाराला त्यांनी बायको दिली आहे. आणि ती गाणं म्हणते. दिवा ती पुसते आणि हा नुसता आकाशाकडे बघतो. मी तिथेच शेजारणीला सांगितलं, की हा तो माणूस नव्हे. तो स्वतःची काच स्वतः पुसतो. ती म्हणाली, अहो, एकट्या माणसाला लोक किती वेळ बघणार? मी उठून घरी आले. कुलूप काढलं, दिवा लावला, आणि सुचलं, की बघणारा कोणी आहे म्हणून थोडाच पुसतो तो. पण पुन्हा सांगायला कुठे जायचं.

इथली मागची खोली रिकामी आहे. उन्हं दुपारपर्यंत असतात. सातव्या मजल्यावर जायचंच असेल तर वाटेत माझा तळमजला लागतो, एवढंच सांगते. आग्रह नाही. टंकयंत्राचा आवाज मला चालतो.

रोज संध्याकाळी देवापुढे तुझं नाव घेते. तिथे माझा शब्द अजून चालतो असा समज आहे. तेवढा लोभ तूही ठेव.

तुझी,
ताई

१६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

औषधवाल्यांचं कार्ड आलं. बाड मिळालं, वाचलं, आज पुढे पाठवलं, आभारी आहे. बस, एवढंच.

माझा घोर उगाच नव्हता. बाड फार भरभर चाललंय. गणिताच्या बाई एरवी महिना महिना अडवून ठेवायच्या, मी तगादा लावला की ‘उत्तर चुकलं आहे, कुठे ते शोधते आहे’ असं कळवायच्या. या खेपेस त्यांनी चार दिवसांत वाटेला लावलं. वाचायला वेळ लागत नाही, ताई. भांडायला लागतो. गाडी रिकामी असली की जोरात पळते.

प्रकाशकांचे व्यवस्थापक येऊन गेले. भला माणूस आहे. खोलीत बसायला जागा शोधत होता, शेवटी तुझ्या जुन्या कापडांच्या गठ्ठ्यावर बसला. म्हणाला, तुमच्यासारख्या माणसाने असं राहणं आमच्याच बदनामीचं आहे. पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला कागद घेऊन परत येणार आहे, त्या दिवशी सही आणि बाड दोन्ही द्यायचं ठरलंय.

टंकयंत्रावर झाकण घातलंय. झाकलं की खोली अचानक मोठी वाटते.

तुझ्या खोलीचं वाचलं. तू आग्रह केला नाहीस, ते बरं केलंस. केला असतास तर मी आलो असतो, आणि तुझ्या मागच्या खोलीत बसून भिंतीकडे बघत राहिलो असतो. ते तुझ्यावर ओझं. माझी अडचण खोलीची नाही गं.

बाड तुझ्याकडे आलं की काय आहे ते स्पष्ट कळव. ‘देवाची इच्छा’ वगैरे मलमपट्टी करू नकोस. आहे ते लिही.

तुझा लोभ मला पुरतो आहे, तो कमी पडतो असं मात्र समजू नकोस.

तुझा,
बाळ

२२ जुलै

श्री. घड्याळजी यांस,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

आपण मला ‘टाकेवाल्या ताई’ म्हणून ओळखता. प्रत्यक्ष पत्र आज प्रथमच लिहीत आहे, आणि तेही रागाने, याबद्दल आधीच क्षमा मागून ठेवते म्हणजे पुढे मोकळेपणाने लिहिता येईल.

बाड काल पोहोचलं. आतून प्लास्टिकचा कागद, वर खाकी कागद, त्यावर कापड. पानाचा एकही कोपरा दुमडलेला नाही. माझ्या डिंकाच्या बाटलीचं झाकणसुद्धा उघडावं लागलं नाही. आणि समास कोरे. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळे. हिरवं नाही, तांबडं नाही, जांभळं नाही. मला आधी वाटलं चुकून दुसरी प्रत आली. मग चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. एका पानावर फक्त खोडरबराची चूर होती.

माझ्या भावाची गोष्ट तुम्हाला आवडली नसेल तर तसं लिहायचं होतं. ‘टाकाऊ’ असं लिहिलं असतंत तरी त्याने दोन दिवस आनंदाने चडफडून काढले असते. तुम्हा सगळ्यांना तो आता मोठा झाल्याचा राग आला आहे का? हेवा वाटला असेल तर तोही समजू शकते, माणसाला वाटतो. पण तसं असेल तर तोही लिहा. त्याने ठरवलं आहे, की समास कोरे आले तर तो करार करून दूर जाणार, आणि बाड कायमचं बंद. आपल्याला हे माहीत नसेल, कारण तो ते स्वतः कधी सांगणार नाही. सांगून मिळालेलं त्याला नको असतं. तेव्हा मी सांगितलं हेही त्याला कळू देऊ नका.

नेमकं काय झालं ते कृपा करून मला कळवा. रागावर जाऊ नका, लोभ आहे म्हणूनच तो आला.

आपली,
टाकेवाली ताई

२७ जुलै

ती. ताईंस,
कृतानेक नमस्कार. वि. वि.

आपला राग शिरसावंद्य. आपण आधीच लिहायला हवं होतंत, किंवा आम्ही.

हेवा नाही, ताई. लाज. मी सगळ्यांच्या वतीने लिहितो, कारण गेल्या वर्षात आम्ही एकमेकांना पत्रं लिहिली, फक्त त्यांना लिहिली नाहीत. झालं असं. औषधवाल्यांच्या सुनेने त्यांना सांगितलं, की अशा मोठ्या लेखकांचे कागद पुढे काचेच्या पेटीत ठेवतात. औषधवाल्यांनी मला कळवलं. मी बाईंना कळवलं. मग आम्ही जुनी बाडं आठवली. तिथे मी काय काय लिहिलं होतं, देवा. ‘हे यंत्र चालणार नाही, विकत घेताना पावती घेतली होती का?’ असं लिहिलं होतं. उद्या लाखो लोक ते पान बघणार, आणि त्यावर एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची टवाळी. बाई म्हणाल्या, आपण त्यांना इतकी वर्षं त्रासच दिला, आता तरी पान स्वच्छ जाऊ दे. म्हणून आम्ही हात धुऊन वाचलं. प्लास्टिकचा कागद मी घातला.

खोडरबराची चूर माझी. तेराव्या पानावर मी सवयीने पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता, ‘तेल?’. मग खोडला.

सत्काराचं निमंत्रण आलं होतं. छापील कार्ड, वर ‘सन्माननीय महोदय’. खाली त्यांचं एक अक्षर नव्हतं. तरी मी गेलो. दुकान बंद ठेवून, दोन गाड्या बदलून. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही हे आपल्याला ठाऊकच आहे. रांगेत उभा राहिलो. वाटलं, पुढे गेल्यावर म्हणेन, अहो चंद्रवाले, खाण कोरडी पडली की नाही अजून. माझी पाळी आली. त्यांनी मान वर न करता विचारलं, नाव काय लिहू. मागे इतकी माणसं ताटकळत होती. मी म्हटलं, नाव नको, नुसती सही चालेल. त्यांनी सही केली आणि पुस्तक पुढे सरकवलं. बाहेर आलो, तर शेवटच्या गाडीला बराच वेळ होता. स्थानकावर बसून सही बघत बसलो. त्यांचं अक्षर मी इतकं ओळखतो, पण ते नाव असं पूर्ण लिहिलेलं कधी पाहिलं नव्हतं. कोणा भलत्याच माणसाचं वाटलं.

गोष्ट आवडली नाही असं नाही. शेवट आवडला नाही. पण ते आता कोणत्या तोंडाने सांगणार?

आपण वडील आहात, योग्य ते करा. आम्हा सर्वांवर लोभ ठेवा, आणि आमच्या वतीने त्यांना काही सांगू नका.

आपला नम्र,
घड्याळजी

४ ऑगस्ट

चि. बाळ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणालास आहे ते लिही. आहे ते असं, की बाड आलं तेव्हा समास कोरे होते. सगळे. लपवत नाही. पण आता पुढचं पूर्ण वाच आणि मधेच पत्र खाली ठेवू नकोस.

मी का कळवायला उशीर केला, तर मला विचार करायला वेळ लागतो. बाड देवापुढे ठेवलं. त्याने काही सांगितलं नाही. तो आपल्या घरच्या बाबतीत कधीच मधे पडत नाही, मी इतक्या वर्षांत शिकले आहे. मग मीच उचललं, चष्मा लावला आणि वाचायला बसले. एवढी वर्षं मी बाड शिवलं, चिकटवलं, पानं लावून घेतली, पण समासात लिहायचं माझ्या कधी मनातही आलं नाही. बाकीचे शिकलेले, मी मॅट्रिक. या खेपेला जागा रिकामी होती म्हणून बसले, असं समज.

निळ्या शाईने लिहिलं आहे, ती कोणाची नव्हती. अक्षर मोठं आलं आहे. काय लिहिलं त्यातलं थोडं सांगते, म्हणजे एकदम पाहून दचकायला नको. पहिल्या पानावर चौकीदार उठतो आणि थेट दिव्याकडे जातो. तिथे लिहिलं, तोंड धुतलं का, काही खाल्लं का, तीस वर्षांत एकदाही आजारी कसा पडला नाही? काच पुसतो त्या पानावर लिहिलं, पुसताना तो काहीतरी पुटपुटत असणार, ते राहिलं आहे. तो भिंतीशी बोलतो ते तू वेडाचं लक्षण म्हणून घातलं आहेस. तिथे लिहिलं, हे वेड नाही, मीही बोलते, भिंत ऐकून घेते, फक्त तिला स्वतःचं काही सांगायचं नसतं एवढीच खोट. मग जेवणाच्या वेळेला तो दोन ताटं मांडतो आणि एक तसंच उचलून ठेवतो, तिथे एवढंच लिहिलं, बरोबर आहे.

तेराव्या पानावर आधीच कोणीतरी काही लिहून खोडलं होतं. खोडलं तरी दाब उरतो. उजेडाला धरलं तर दिसतं. मी त्यावर गोल काढून ठेवला आहे आणि लिहिलं आहे, ज्याचं असेल त्याने हे पुन्हा शाईने लिहावं.

आता शेवट. तू त्याला नोंदवहीत ‘कोणी नाही’ असं लिहायला लावतोस, आणि तो दिवा विझवून दार ओढून घेतो. त्या दोन शब्दांवर मी काट मारली, तुम्हा प्रूफवाल्यांची असते तशी, शेपटीवाली. आणि शेजारी लिहिलं ते इथे जसंच्या तसं उतरवते, कारण बाड तुझ्या हाती यायला वेळ आहे: ‘हे त्याला कळलं कसं? दिवा विझवल्यावर जहाज आलं तर ते त्याला दिसणार नाही आणि तो जहाजाला दिसणार नाही. अंधारात दोघं जवळून जातील, आणि दोघंही आपापल्या वहीत हेच लिहितील, कोणी नाही. मला हा शेवट मान्य नाही.’

बाड तुझ्या हाती यायला वेळ आहे असं म्हटलं, कारण ते मी तुला पाठवलेलं नाही. काल पुन्हा घड्याळजींकडे लावलं. प्लास्टिकचा कागद काढून टाकला. वर चिठ्ठी लावली आहे, की या बाडाच्या समासात एका मॅट्रिक बाईने लिहून पानं खराब केली आहेत, तेव्हा आता कोणी हात राखून ठेवायचं कारण नाही. ज्याला जे पटलं नसेल त्याने ते शाईने लिहावं, माझ्या लिहिण्यासकट. गणिताच्या बाईंना वेगळं कळवलं, की चौकीदाराचे दिवस आणि तेल यांचा मेळ मला लागत नाही, तेवढं सिद्ध करून द्या. लेखकाची परवानगी मी घेतलेली नाही. तुझं बाड तुला न विचारता फिरवलं, याबद्दल तू मला बोललास तर ऐकून घेईन. पण फिरवणार होते हे नक्की.

घड्याळजींनी मला पत्र लिहिलं. ते तुला पाठवत नाही, ते माझ्या नावाचं आहे. त्यांना तुला जे सांगायचं ते तुझ्या समासात सांगू दे. ते सत्काराला आले नाहीत, असं मात्र पुन्हा म्हणू नकोस. तू मान वर करायला हवी होतीस, बाळ.

वीस तारखेला व्यवस्थापक येतील. देण्यासारखं बाड तुझ्याकडे नसणार, आणि ते वीस तारखेच्या आत परत येणार नाही, हे धरून चाल. या खेपेस ते वेळ घेईल. महिना, दोन महिने, बाई अडवून बसल्या तर तीन. त्यांना तगादा लावू नकोस. सही करायची की नाही हे मी सांगणार नाही, तू साठी ओलांडली आहेस. तो माणूस भला आहे असं तूच लिहिलंस, तर भल्या माणसाला थांबायला सांगता येतं. तुला मात्र बाड परत यायच्या आधीच ठरवावं लागेल.

मी थांबायला तयार आहे, मला सवय आहे. तू थांबणार आहेस ना, तेवढं उलट टपाली कळव.

तुझी,
ताई